नेसी, बदकं आणि कुंपणाचा खांब

मागच्या अंकात स्कॉटलंडमधल्या लॉख नेसवर अर्ध्या पानाचं टिपण टाकलं होतं, आणि शेवटी मी सहज लिहून गेलो की तिथल्या त्या प्रसिद्ध प्राण्याचा, म्हणजे नेसीचा, एकही पुरावा तपासणीत टिकलेला नाहीये. त्या एका वाक्यावर पत्रं, ईमेल, व्हॉट्सॲप मिळून एवढा मजकूर आलाय की ह्या वेळी सदराला जास्तीची पानं मागून घ्यावी लागली. बरीच मंडळी रागावलीयेत. सारखे प्रश्न एकत्र केलेत, आणि नेहमीप्रमाणे नावं न छापता फक्त गाव देतोय.

आधी एक बारीकसं. दोघातिघांनी विचारलंय की 'लॉक' म्हणायचं की 'लॉख'. लॉख. इंग्रजांना तो उच्चार जमत नाही, आपल्याला 'ख' आहे त्यामुळे आपण त्यांच्यापेक्षा बरेच जवळ जातो. अर्थ साधा, तळं.

प्रश्न : हजाराच्या वर लोकांनी बघितलंय म्हणे. त्यात पोलीस आहेत, पाद्री आहेत, शिकले सवरलेले लोक आहेत. एवढे सगळे खोटं बोलतात असं तुमचं म्हणणं आहे का? (नाशिक)

नाही हो, अजिबात नाही. खोटं बोलणारे थोडेच होते, त्यांचं पुढे येईलच. बाकीच्यांनी काहीतरी बघितलंच असणार, प्रश्न एवढाच की काय बघितलं. आपल्याकडे दोरीला साप समजण्याचं उदाहरण हजारभर वर्षं देतायत, त्यात दोरी बघणारा माणूस लबाड असतो असं कुणीच म्हणत नाही.

ही गोष्ट सुरू कशी झाली तेवढं बघा म्हणजे लक्षात येईल. १९३३ चा एप्रिल. तळ्याच्या उत्तर काठाने रस्त्याचं मोठं काम चाललेलं, त्यामुळे मोकळं पाणी दिसायला लागलेलं आणि गाड्यांची येजा वाढलेली. ड्रमनाड्रॉकिटच्या हॉटेलवाल्या मॅके बाई आणि त्यांचे मिस्टर गाडीने घरी चाललेले, बाईंना पाण्यात मोठी खळबळ दिसली. बाईंनी नंतर सांगितलंय की आधी त्यांना वाटलं दोन बदकांची मारामारी चाललीये. नवरा गाडी चालवत होता, त्याने थांबून बघेपर्यंत पाण्यावर नुसत्या लाटा. आता ही बातमी लिहिली कुणी, तर ॲलेक्स कॅम्पबेल नावाच्या गृहस्थांनी, जे तळ्यावर मासेमारीची राखण करायचे आणि फावल्या वेळात इनव्हर्नेस कुरियर ह्या पेपरला बातम्या पुरवायचे. २ मे १९३३ ला छापून आली तेव्हा पाणी उकळत्या कढईसारखं झालेलं आणि प्राणी देवमाशासारखा. 'ध' चा 'मा' व्हायला एवढंच लागतं.

ह्या पहिल्या बातमीत लांब मान नाहीये हे मात्र नीट लक्षात ठेवा. मान आली ऑगस्टमध्ये. लंडनचे स्पायसर नावाचे गृहस्थ, त्यांनी कुरियरला पत्र लिहून कळवलं की त्यांच्या गाडीसमोरून लांब मानेचं एक धूड रस्ता ओलांडून गेलं. त्याच वर्षी एप्रिलमध्ये लंडनला किंग काँग सिनेमा लागलेला आणि त्यात पाण्यातून लांब मान काढून माणसांवर धावून येणारा डायनोसॉर आहे. रूपर्ट गूल्ड म्हणून एक नौदलातले अधिकारी होते, नेसी खरी आहे असंच मानणारे, त्यांनी स्पायसरना विचारलं तेव्हा त्यांनी सिनेमा बघितल्याचं कबूल केलं. म्हणजे स्पायसरनी बाता मारल्या असं मी म्हणत नाहीये, रस्त्यात काहीतरी आडवं गेलंच असेल, हरीण असेल, पाणमांजर असेल. पण डोक्यात चित्र तयार होतं, आणि त्यांच्यानंतर सगळ्यांच्याच नेसीला मान फुटली.

२००३ मध्ये बीबीसीच्या लोकांनी ह्याचीच गंमत केली. त्यांनी पाण्याखाली कुंपणाचा एक खांब लपवला आणि टूरिस्ट बस काठावर थांबली की तो थोडा वर काढला. नंतर विचारलं तर बहुतेकांनी सांगितलं की चौकोनी काहीतरी दिसलं. पण जेव्हा कागद देऊन चित्र काढायला सांगितलं तेव्हा त्यातल्या काही जणांनी मान आणि डोकं काढलं! चांगली जिवंत, शुद्धीतली माणसं, दिवसाउजेडी. हजार साक्षी झाल्या काय किंवा दहा हजार झाल्या काय, सगळ्यांनी तेच चित्र घरून डोक्यात घालून आणलं असेल तर बेरीज करून काय उपयोग.

प्रश्न : पण १९३३ ला सुरुवात झाली हे चूक. इसवी सन ५६५ मध्ये संत कोलंबाने ह्या प्राण्याला हाकलल्याची लेखी नोंद आहे. (सोलापूर, निवृत्त शिक्षक)

गुरुजी, नोंद आहे. ती लिहिली अडोम्नान नावाच्या मठाधिपतीने, कोलंबा वारल्यानंतर शंभरेक वर्षांनी, म्हणजे ऐकीव. आणि प्रसंग तळ्यातला नाहीये, नेस नदीतला आहे. जनावर एका माणसाला चावून मारतं, मग कोलंबा आपल्या शिष्याला पोहायला पाठवतात, जनावर अंगावर येतं, ते क्रूसाची खूण करून दटावतात आणि ते पळून जातं. संतचरित्रात असे प्रसंग येणारच, आपल्याकडेही येतात, ती भक्तीने वाचायची असतात, त्यातून प्राणिशास्त्र काढायला बसायचं नसतं. पुढे तेराशे वर्षं ह्या तळ्यात लांब मानेच्या प्राण्याचं कुणी नाव काढत नाही. १८२२ पासून ह्याच तळ्यातून कॅलिडोनियन कालव्याच्या बोटी जातायेत, तरीपण नाही. कोलंबा आणि नेसी हा शुद्ध बादरायण संबंध आहे, तो १९३३ नंतर जोडला गेला.

एक मात्र आहे. स्कॉटलंडच्या प्रत्येक तळ्याला 'केल्पी' नावाचा पाण्यातला मायावी घोडा असायचा, काठावर येऊन मुलांना पाठीवर घेऊन बुडवणारा. आपल्याकडे डोहाला आसरा असतात तसाच प्रकार. पोरं खोल पाण्यात जाऊ नयेत म्हणून आज्यांनी दोन्हीकडे एकच युक्ती काढलेली दिसते.

प्रश्न : लहानपणापासून जो फोटो बघत आलोय, पाण्यातून वर आलेली मान आणि छोटं डोकं, तो तर एका डॉक्टरने काढलेला. डॉक्टर कशाला फसवेल? (ठाणे. ह्याच फोटोबद्दल जळगाव, बेळगाव आणि इंदूरहून पण पत्रं आहेत.)

हा प्रश्न येणार हे माहीतच होतं, आणि खरं सांगायचं तर ह्या फोटोची गोष्ट मला नेसीपेक्षाही जास्त आवडते, त्यामुळे जरा पाल्हाळ लावतो.

१९३३ च्या डिसेंबरमध्ये डेली मेल ह्या लंडनच्या पेपरने मार्मड्यूक वेदरेल नावाच्या एका शिकाऱ्याला नेसी शोधायला पाठवलं. माणूस नशीबवान, काही दिवसांतच काठावर पावलांचे ताजे ठसे सापडले. पेपरने मोठ्ठी बातमी केली. ठशांचे साचे लंडनच्या नॅचरल हिस्ट्री म्युझियमला गेले आणि तिथून उत्तर आलं की हे पाणघोड्याचं पाऊल आहे, तेही वाळवून ठेवलेलं! त्या काळी साहेबलोकांच्या दिवाणखान्यात पाणघोड्याचा पाय छत्र्या ठेवायला किंवा रक्षापात्र म्हणून असायचा, त्यातलाच एक घेऊन कुणीतरी चिखलात उठवलेले ते ठसे. वेदरेलची जाहीर नाचक्की झाली.

मग एप्रिल १९३४ मध्ये त्याच डेली मेलमध्ये हा फोटो झळकला. देणारे रॉबर्ट केनेथ विल्सन, लंडनचे स्त्रीरोगतज्ज्ञ. त्यांना फोटोशी आपलं नाव जोडलेलं नको होतं म्हणून 'सर्जनचा फोटो' हेच नाव पडलं, आणि गंमत म्हणजे 'डॉक्टर आहे आणि प्रसिद्धीपण नको म्हणतोय' ह्यामुळेच लोकांचा विश्वास दुप्पट झाला. साठ वर्षं हा फोटो म्हणजे नेसीचं आधारकार्ड.

१९९४ मध्ये दोन संशोधकांनी भांडं फोडलं. वेदरेलचा सावत्र मुलगा ख्रिश्चन स्पर्लिंग, नव्वदीला आलेला, त्याने मरणाआधी त्यांना सगळं सांगून ठेवलेलं. वूलवर्थच्या दुकानातून पाणबुडीचं खेळणं आणलं, त्यावर लाकडी लगद्याची मान आणि डोकं बसवलं, उंची जेमतेम फूटभर, तळ्याच्या एका उथळ कोपऱ्यात सोडलं, फोटो काढले आणि एका ओळखीच्या माणसाकरवी डॉक्टरांच्या हाती दिले कारण डॉक्टरांच्या शब्दाला वजन. बापाची पेपरने शोभा केली त्याचा हा हिशोब चुकता केला. वेदरेलच्या सख्ख्या मुलाने, इयनने, हीच गोष्ट १९७५ लाच एका पेपरात सांगितलेली. कुणी ढुंकून बघितलं नाही.

आता बेळगावच्या वाचकांनी फार चांगला मुद्दा काढलाय. ते म्हणतात, तुम्ही साक्षीदारांच्या गोष्टीला ऐकीव म्हणता आणि नव्वदीच्या म्हाताऱ्याच्या कबुलीजबाबावर मात्र लगेच विश्वास ठेवता, हा कुठला न्याय? बरोबर आहे. नुसत्या कबुलीजबाबावर मीही ठेवणार नाही. पण फोटो आहे ना. आपण सगळ्यांनी जो बघितलाय तो कापलेला आहे, कडा छाटून मान मोठी केलेली. मूळ फोटोत आजूबाजूचं बरंच पाणी दिसतं आणि पाण्यावरच्या बारीक लाटांशी तुलना केली की ती वस्तू एकदम चिमुकली होते, मोठा प्राणी वगैरे काही राहत नाही. लाटांचं हे मोजमाप म्हाताऱ्याने तोंड उघडलं नसतं तरी केलं असतंच की. कबुलीजबाब आणि मोजमाप दोन वेगळ्या वाटांनी येऊन एकाच ठिकाणी भेटतात, म्हणून विश्वास ठेवायचा.

प्रश्न : 'नेचर'सारख्या विज्ञानाच्या साप्ताहिकात नेसीला शास्त्रीय नाव मिळालंय. म्हणजे विज्ञानाने मान्य केलंय ना? (पुणे, इंजिनियर)

नाव मिळालं हे खरं. १९७५ च्या डिसेंबरमध्ये, नेसिटेरस राँबॉप्टेरिक्स, म्हणजे 'चौकटच्या आकाराच्या पंखाचा नेसमधला अजब प्राणी' असं काहीसं. देणारे दोघं, अमेरिकेचे रॉबर्ट राइन्स आणि इंग्लंडचे मोठे पक्षितज्ज्ञ सर पीटर स्कॉट. त्यांचं म्हणणं होतं की प्राण्याला नाव असलं तर कायद्याने संरक्षण देता येतं. आधार काय, तर राइन्सच्या टीमने १९७२ ला पाण्याखाली कॅमेरा सोडून काढलेले फोटो, ज्यात वल्ह्यासारखा पंख दिसतो. पण कंप्युटरवर साफ करून जे मिळालेलं ते नुसतं धूसर ठिपक्यांचं गिचमिड होतं, आणि छापून आलेला पंख अगदी रेखीव. मध्ये कुणाचा तरी ब्रश फिरलेला. १९७५ च्या मोहिमेत एका 'शिंगं असलेल्या डोक्याचा' फोटो पण मिळालेला, तसाच दिसणारा झाडाचा बुंधा पुढे १९८७ मध्ये तळ्यात सापडला.

आणि त्या नावाची इंग्रजी अक्षरं उलटसुलट जुळवली की 'सर पीटर एस यांनी केलेली राक्षसाची थाप' असं वाक्य तयार होतं, हे एका स्कॉटिश खासदाराने शोधून काढलं! राइन्सही काही कमी नव्हते, त्यांनी तीच अक्षरं जुळवून 'हो, दोन्ही फोटो राक्षसाचेच आहेत' असं करून दाखवलं. मला वाटतं हा निव्वळ योगायोग असावा, स्कॉट मनापासून मानायचे. पण बघा, ज्या लोकांना नेसीवर शंका होती त्यांनी पण विनापुरावा अक्षरांत कारस्थान शोधलंच.

प्रश्न : तळं २३० मीटर खोल आहे आणि पाणी काळंकुट्ट. एवढ्या पाण्यात काहीही लपू शकतं, तुम्ही काठावर बसून नाही म्हणणारे कोण? (कोल्हापूर)

पाण्याबद्दल तुमचं शंभर टक्के बरोबर. ३७ किलोमीटर लांब, रुंदी सरासरी दीडेक किलोमीटर, पाणी ७.४ घन किलोमीटर. हे आपल्या भाषेत सांगायचं तर साधारण २६० टीएमसी, म्हणजे काठोकाठ भरलेली अडीच कोयना धरणं. आसपासच्या डोंगरावरून पीट नावाची कुजलेल्या झाडपाल्याची माती वाहून येते त्यामुळे पाणी चहासारखं, काही मीटरच्या पुढे दिसत नाही. लपायला जागा भरपूर आहे. पण लपून बसलेल्याला जेवायला लागतं की नाही?

इथे मला वाटतं आपण सगळे उगाच फोटोंवर भांडत बसतो, खरी गोष्ट स्वयंपाकघरात आहे. हे तळं थंड आणि गरीब आहे. काळ्या पाण्यात ऊन शिरत नाही, शेवाळ कमी, म्हणून त्यावर जगणारे जीव कमी, म्हणून मासे कमी. पाहणी करून काढलेला अंदाज असा की अख्ख्या तळ्यातल्या मोकळ्या पाण्यात मिळून मासे वीस टनांच्या आसपास. शिकार खाणाऱ्याचं एकूण वजन शिकारीच्या साधारण दहाव्या भागाएवढं असू शकतं असा ढोबळ हिशोब असतो, म्हणजे दोन टन. आता कोल्हापूरकरांना म्हैस काय ते सांगायला नको. चांगली मुऱ्हा म्हैस साडेचारशे पाचशे किलोची धरली तर दोन टन म्हणजे चार म्हशी. चार म्हशींएवढ्या वजनात तुम्हाला नेसीचं सगळं खानदान बसवायचंय. एकटीच असेल तर १९३३ पासून आत्तापर्यंत नव्वदीच्या पुढे गेली, आणि कोलंबाच्या वेळचीच धरली तर दीड हजार वर्षांची. वंश चालवायचा तर किमान वीसपंचवीस तरी लागतील, मग प्रत्येकीच्या वाट्याला ऐंशी शंभर किलो येतात. ऐंशी किलोचा म्हणजे माझ्यापेक्षा बारीक राक्षस.

शिवाय हे तळं बर्फाच्या नद्यांनी खरवडून झालंय आणि दहा हजार वर्षांपूर्वीपर्यंत तिथे बर्फच होतं. ज्या प्लेसिओसॉरचं, म्हणजे डायनोसॉरच्या काळातल्या लांब मानेच्या समुद्री सरपटणाऱ्या प्राण्याचं, नाव नेहमी घेतात तो ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी संपला, फुप्फुसाने श्वास घेणारा प्राणी, म्हणजे दिवसातून कितीतरी वेळा नाक वर काढावं लागणार, लाखो टूरिस्ट कॅमेरा धरून बसलेले असताना. मानेच्या हाडांची रचना बघितली तर हंसासारखी मान उभी धरणं त्याला जमणारंही नव्हतं.

प्रश्न : नेसी नर आहे की मादी? (सांगली)

दोन्ही लागतील.

प्रश्न : तळं आपले मृतदेह परत देत नाही असं तिथे म्हणतात. मग हाडं सापडली नाहीत ह्यावरून प्राणी नाही हे कसं ठरवता? (सातारा)

थंडगार पाण्यात शरीर लवकर कुजत नाही, फुगत नाही, त्यामुळे वर येत नाही, एवढं त्यात तथ्य आहे. पण वर येत नाही म्हणजे खाली राहतं ना? आणि खाली तर लोकांनी काय काय शोधलंय बघा. १९४० च्या शेवटच्या दिवशी इंजिन बंद पडून तळ्यात उतरलेलं वेलिंग्टन बॉम्बर विमान, ते नेसी शोधतानाच सोनारवर (आवाजाच्या प्रतिध्वनीवरून पाण्याखालचं शोधणारं यंत्र) सापडलं आणि १९८५ ला वर काढलं. १९५२ मध्ये पाण्यावरच्या वेगाचा विक्रम करताना जॉन कॉब गेले, त्यांच्या बोटीचे अवशेष सापडले. आणि सगळ्यात भारी, २०१६ मध्ये एका नॉर्वेजियन कंपनीच्या पाण्याखालच्या रोबोने तळ फिरून बघितला तर चक्क नेसी सापडली! नऊ मीटर लांब, मान वगैरे सगळं. १९६९ मध्ये शेरलॉक होम्सवरच्या एका सिनेमासाठी बनवलेली, दिग्दर्शक बिली वाइल्डरना पाठीवरची उंचवटी आवडली नाहीत म्हणून काढून टाकली, आणि ती काढल्यावर पुतळा तरंगेचना, बुडाला. विमान सापडतं, बोट सापडते, खोटी नेसी सापडते. शेकडो वर्षांत मेलेल्या खऱ्या नेसींपैकी एकीचा मणकासुद्धा नाही. (एकदा काठावर प्लेसिओसॉरचे मणके सापडले होते, २००३ मध्ये, पण त्या दगडाला समुद्रातल्या किड्यांनी पाडलेली भोकं होती. कुणीतरी बाहेरून आणून ठेवलेले.)

प्रश्न : आम्ही ग्लासगोला राहतो. गेल्या उन्हाळ्यात लॉख नेसला गेलो तेव्हा माझ्या मुलाने व्हिडिओ घेतला, सोबत पाठवतेय. पाणी एकदम शांत, एकही बोट नाही, आणि तीन काळी उंचवटी एका ओळीत सरकतायत. आम्ही काही वेडे नाही. (ग्लासगो)

ताई, व्हिडिओ चार वेळा बघितला, आणि तुमच्या जागी असतो तर मी पण ओरडलो असतो. फक्त सुरुवातीची चाळीसेक सेकंदं परत बघा, डाव्या कडेला पांढरा ठिपका जाताना दिसतो, ती बहुधा क्रूझ बोट.

ह्या तळ्याचा आकार बघा, सरळसोट नळीसारखा आणि दोन्ही काठ उभे. बोट गेली की तिच्या मागे दोन बाजूंना लाटा फाकतात, त्या काठाकडे जातात, उभ्या काठावर आपटून परत फिरतात आणि मध्ये समोरासमोर भेटतात. भेटल्या की तिथल्या तिथे पाणी उचललं जातं, त्याची उंचवटी होतात, एकामागे एक, आणि सरकल्यासारखी वाटतात. हे व्हायला वेळ लागतो, तोवर बोट कुठल्या कुठे गेलेली असते. म्हणून तुम्ही लिहिलंत ते 'पाणी एकदम शांत' माझ्या दृष्टीने फार महत्त्वाचं आहे. वारा असता तर ह्या लाटा मोडून गेल्या असत्या, नेसीला मात्र वाऱ्याचं वावडं असायचं काही कारण नाही, तरी ती शांत पाण्यातच का दिसते?

एड्रियन शाइन म्हणून आहेत, १९७३ पासून नेसीच्या मागावर. त्यांनीच १९८७ च्या ऑक्टोबरमध्ये दोन डझनाच्या आसपास बोटी ओळीने लावून सोनारने तळं झाडून काढलं. तीन ठिकाणी जरा मोठे प्रतिध्वनी आले, ज्यांचा उलगडा झाला नाही, त्याच्या हेडलाइनी झाल्या. सील तिथे समुद्रातून नदीने अधूनमधून येतात, त्यातलाही एखादा असेल. ह्या सद्गृहस्थांनी आयुष्य घालवलं आणि आता ते सांगतात की दिसतं ते बोटींच्या लाटा आणि लांब मानेचे पाणपक्षी. त्यांना राक्षस सापडला असता तर सगळ्यात जास्त फायदा त्यांचाच होता की नाही?

मुलाला सांगा व्हिडिओ छान घेतलाय, हात हलला नाहीये.

प्रश्न : मी सातवीत आहे. मी वाचलं की डीएनए तपासला आणि नेसी म्हणजे मोठा ईल मासा आहे असं निघालं. हे खरं आहे का? (रत्नागिरी)

अगं, अर्धं खरं आहे. न्यूझीलंडच्या ओटागो विद्यापीठातले नील गेमेल, त्यांनी २०१८ मध्ये तळ्यातून वेगवेगळ्या ठिकाणचे, वेगवेगळ्या खोलीवरचे अडीचशे नमुने घेतले. पाण्यात राहणारा प्रत्येक जीव कातडी, खवले, शी शू असं काहीतरी सोडतच असतो, त्यातून त्याचा डीएनए मिळतो, प्राणी हाती लागायची गरज नाही. सप्टेंबर २०१९ मध्ये निकाल आला. सरपटणाऱ्या प्राण्याचा डीएनए शून्य. म्हणजे प्लेसिओसॉर बाद. शार्क नाही, कॅटफिश नाही, स्टर्जन नावाचा मोठा मासा असतो तोही नाही. माणसाचा मिळाला, गायीचा, मेंढीचा, हरणाचा, कुत्र्याचा मिळाला, कारण पाऊस पडला की काठावरचं सगळं तळ्यातच येतं. आणि ईलचा जवळजवळ सगळीकडे मिळाला. ईल म्हणजे तुमच्याकडे बाजारात वाम येते ना, तसा लांबुडका.

पण डीएनएवरून ईल आहे एवढंच कळतं, केवढा आहे ते कळत नाही. गेमेलनी 'मोठा असेल तर नाही म्हणता येत नाही' एवढं म्हटलं आणि पेपरवाल्यांनी नेसी ईल निघाली म्हणून छापलं. मग २०२३ मध्ये फ्लो फॉक्सन नावाच्या संशोधकाने पकडलेल्या ईलांची मापं घेऊन गणित केलं. एक मीटरचा ईल सापडायची शक्यता पन्नास हजारात एक, आणि सहा मीटरचा म्हणजे जवळजवळ शून्य. एक मीटर म्हणजे तुझ्या दप्तराच्या दुप्पट फार तर. मला विचारशील तर खरी गंमत वेगळीच आहे, हे ईल त्या तळ्यात जन्मलेले नसतातच, ते तिकडे अटलांटिकमधल्या सारगासो समुद्रात जन्मतात, हजारो किलोमीटर वाहत पोहत येऊन नदीतून तळ्यात शिरतात आणि कित्येक वर्षांनी पिल्लं घालायला परत तिकडेच जातात. शाळेत प्रोजेक्ट करायचा असेल तर ह्यावर कर.

प्रश्न : मे महिन्यात सासूबाईंना घेऊन स्कॉटलंडला जातोय. त्यांना नेसी बघायचीच आहे. बोटीचं तिकीट काढावं की पैसे वाया जातील? (डोंबिवली)

काढा हो. बोट अर्कहार्टच्या पडक्या किल्ल्यासमोरून जाते, नेसीची सगळ्यात जास्त 'दर्शनं' तिथेच. बऱ्याच बोटींवर सोनारचा स्क्रीन असतो, त्याच्यासमोर बसवा सासूबाईंना, तळ किती खाली जातो ते बघून पोटात गोळा येतो. स्क्रीनवर मध्येच आडवी रेघ किंवा ढगासारखं काही आलं तर वरचं कोमट पाणी आणि खालचं थंड पाणी ह्यांच्या मधला थर असू शकतो, हे आधी सांगून ठेवा, किंवा नका सांगू, तुमचा तुम्ही अंदाज घ्या. मे असला तरी स्वेटर आणि कानटोपी हवीच, खालचं पाणी बारा महिने पाचसहा अंशांवर असतं आणि वारा तिथूनच आल्यासारखा लागतो.

आणि काही दिसलं तर फोटो जरूर पाठवा. फक्त कडा न छाटता.